रकाना रिकामा ठेवू नये

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
एक बाजू दोन रुपये, दोन्ही बाजू तीन.
बारा वर्षं नक्कल विकतेय,
अस्सल काय ते कुणी विचारलं नाही.

काल बुधाजी तांडेल आला,
पायांची वाळू उंबऱ्यावर झाडून
प्लास्टिकच्या पिशवीतला मोबाइल पुढे ठेवला.
'बाय, माझो आवाज बंद केल्यानी.'

आवाज म्हणजे रापण ओढतानाची हाळी.
नातवानं, यज्ञेशनं, पहाटे टिपली होती:
चाळीस माणसं, दोन दोर, टाचा वाळूत रुतलेल्या,
आणि पुढे मांडीभर पाण्यात बुधाजी.
तो 'होय्य' म्हणतो तेव्हा समुद्र जरा मागे सरकतो
असं मला लहानपणी वाटायचं.
नऊशे एकोणीस जणांनी पाहिली.
कुवेतच्या भाच्यानं रडत, दोनदा.
आता तिथे करडा चौकोन आहे:
या दृश्यातील ध्वनी अन्य मालकाचा आहे.

मालक सापडला. अंधेरीची कंपनी.
दोन वर्षांमागे दोघे आले होते कानांवर गोळे लावून,
बुधाजीकडेच बांगड्याचं तिखलं जेवले,
बायकोला हात जोडून गेले.
मग हाळीखाली ढोल घातले,
वर कुणी बाई आळवली,
आणि नोंद केली.
यंत्रानं दोन्ही आवाज शेजारी ठेवून
तारखा पाहिल्या.
गळ्याला तारीख नव्हती.

'नवीन कायदा आलाय,' मी म्हटलं,
(पेपरात वाचलं होतं तेवढंच)
'चोरीचा माल ज्याच्या भिंतीवर टांगलेला सापडेल
त्या भिंतवाल्याचीही आता मान धरतात.
म्हणून तो आधी उतरवतो, मागाहून विचारतो.'
'मगे सांगूचां कोणाक?'
'फॉर्म आहे.'

कायद्यावर माझा राग नाही, हेही लिहून ठेवते.
तोंडवळीच्या उज्ज्वलेनं रात्रभर पुळणीत बसून
कासवाच्या पिल्लांचा फोटो काढला,
तो एका रिसॉर्टनं आपल्या पानावर चिकटवला होता.
ह्याच फॉर्मनं दोन दिवसांत उतरला.
मीच भरला होता. तेव्हा सोपा वाटला.
फोटो एका डोळ्याचा असतो.

रकाना चौथा. मूळ मालकाचे नाव.
रिकामा ठेवू नये.

बुधाजी पंख्याकडे बघत राहिला.
'बापाशीकडना शिकलंय. तेणां कोणाकडना, ठावक नाय.
मधलो "होय्य" देवगडच्या कासमभाईचो, तो गेलो.
शेवटाक बायलो वरडतत, तां बायलांचां.'
मी सगळं टाइप केलं.
यंत्र म्हणालं, पन्नास अक्षरांच्या आत.

रापणीत हिशोब असा की
दोराला हात लागला की वाटा.
शाळा चुकवून आलेल्या पोराला मूठभर तारली,
गंमत म्हणून ओढणाऱ्या पुणेकराला दोन बांगडे,
आणि जिचा घोव गेल्या वर्षी दोराला होता
तिची टोपली न विचारता भरतात.
हे कुठे नोंदलेलं नाही.
भांडणं होतात. दरवर्षी होतात.
पण माशांच्या ढिगाऱ्यापाशी, तोंडावर होतात,
आणि ऊन चढायच्या आत संपवावी लागतात,
नाहीतर मासे कुजतात.

'रापण असां लिही,' बुधाजी म्हणाला.
आडनावाशिवाय फॉर्म पुढे सरकेना.
मग पहिलं नाव रापण, आडनाव आचरेकर,
जन्मतारखेला बुधाजीची आधारवरची,
जी शाळेच्या मास्तरनं अंदाजानं घातलेली.
उत्तर सात दिवसांत येईल, किंवा येणार नाही.

जाताना त्याला फॉर्मची झेरॉक्स हवी होती.
'माझ्याकडे कायतरी असूक व्हयां.'
त्याचा ओला हात काचेवर टेकला,
हिरवा उजेड खालून फिरून गेला.
दोन रुपये मी घेतले नाहीत, तो ठेवून गेला.

वाळूचे तीन कण काचेवर राहिलेत.
सकाळपासून येतायत ते
कुणाच्या सातबाऱ्यावर,
कुणाच्या दहावीच्या मार्कांवर,
तलाठ्याच्या सहीच्या अगदी शेजारी.
अजून कुणी तक्रार केली नाही.